नोकरीत असताना

११ नोव्हेंबर

ठमे,

तुझा फोन वाजत राहतो आणि तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्र वाजत नाही. टेबलावर पडून राहील, दोन दिवस तू त्याच्याकडे बघणार नाहीस आणि तिसऱ्या दिवशी तुला राहवणार नाही. तुझा स्वभाव माझ्यावर गेलाय. तुला ते मान्य नाही, पण गेलाय.

आधी घरचं. आईचा गुडघा कुरकुरतो, बाकी ती बरी आहे. तुझ्या खोलीत आता ती कपडे वाळत घालते. मी ठणठणीत. फेब्रुवारीअखेर निवृत्त होतोय, हे तुला माहीत असेलच. नसेल तर आता झालं.

आता मुद्दा. भोंग्या आठवतो का? पंपघरातला माझा जोडीदार. दोन्ही पंप चालू असताना त्याने खालून हाक मारली की वर टाकीवरच्या माणसाला ऐकू जायची, म्हणून भोंग्या. तो उन्हाळ्यात गेला. कामावर नाही, घरीच. अंघोळीला गेला तो बाहेर आला नाही. नोकरीची दोन वर्षं बाकी होती. आमच्या खात्यात नियम आहे की नोकरीत असताना माणूस गेला तर घरातल्या एकाला कायमची नोकरी द्यायची. अनुकंपा म्हणतात त्याला. तर भोंग्याची बायको आता आमच्या ऑफिसात क्लार्क आहे. नवऱ्याशिवाय कधी पोस्टात गेली नव्हती ती बाई. आता टेबलाला काच आहे, डोक्यावर पंखा आहे, आजारपणाचा खर्च खात्याकडून, पुढे पेन्शन. दोन्ही पोरांच्या शाळेची काळजी मिटली. भोंग्याने जिवंतपणी घरासाठी काडी हलवली नाही, पण जाताना गडी काम करून गेला.

आणि दुसरीकडे आमचा फिटर. सगळी हयात खात्यात इमानेइतबारे काढली, एक दिवस बिनपगारी रजा नाही. निवृत्त झाला तेव्हा त्याला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्याचा मुलगा त्या घड्याळाखाली बसून पेपरातल्या जाहिराती बघतो. निवृत्त माणसाच्या पोराला खातं ओळखसुद्धा दाखवत नाही. मग सांग, या दोघांत व्यवहार कुणाला कळला?

तू म्हणशील, बाबांनी परत उपदेश सुरू केला. हो, केला. दोन वर्षांत तुला कुणी केला नसेल तर तो साठला असेलच. त्या कृत्रिम पायांच्या कारखान्यात तू रोजावर आहेस. प्लास्टर कालवतेस, लोकांच्या मांड्यांची मापं घेतेस. पुण्याचं काम आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्याच्या कोर्सला प्रवेश मिळेल की नाही याचा पत्ता नाही, मिळाला तर तीन वर्षं, आणि त्यानंतर नोकरी मिळेलच असं कुणी लिहून दिलंय का? तोवर खाणार काय, प्लास्टर?

म्हणून सांगतो ते ऐक. जानेवारीत टायपिंगची सरकारी परीक्षा आहे, ती दे. शाळेच्या दाखल्यावर तुझं नाव एक आहे आणि रेशनकार्डावर दुसरंच, ते एकसारखं करून घे. चार फोटो काढून ठेव, त्यात जरा माणसासारखी दिस. कशासाठी ते विचारू नकोस. बाप सांगतोय, एवढं कारण पुरे.

बाबा

२ डिसेंबर

ठमे,

चार ओळींचं का होईना, उत्तर आलं. आईला वाचून दाखवलं. तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि परत स्वतः वाचलं, जणू मी मधलं काही गाळलं असतं.

मी गाळलंच होतं. तुझा प्रश्न गाळला. ‘तुम्ही फेब्रुवारीत निवृत्त होणार, मग मला टायपिंग शिकवून तुमच्या खात्यात चिकटवणार कोण?’ वकील का नाही झालीस तू? अगं, इतकी वर्षं त्या खात्याचं पाणी गावाला पाजलंय मी. वरच्या साहेबांशी बोलणं आहे, ओळखी आहेत, माणसं शब्दाला जागतात. तू तयारी ठेव, पुढचं मी बघतो.

तुझा कोर्सचा इंटरव्ह्यू जानेवारीतच आहे असं लिहिलंस. जा की, मी कुठे अडवतोय? दोन्ही कर. तरुणपणी माणसाने दोन दारं उघडी ठेवावीत. फक्त एका दाराच्या पलीकडे काय आहे ते मला ठाऊक आहे आणि दुसऱ्याच्या पलीकडचं तुलाही ठाऊक नाही, एवढाच फरक.

तुला प्लास्टरचा वास आवडतो म्हणतेस. मला तुरटीचा आवडायचा. पहिल्या पावसाळ्यात नदीचं पाणी चहासारखं यायचं आणि तुरटी पडली की तासाभरात तळ दिसायचा, तेव्हा मला आपण काहीतरी केलं असं वाटायचं. नंतर वाटेनासं झालं. नोकरी म्हणजे असंच असतं. आवड चार वर्षं टिकते, पगार शेवटपर्यंत येतो.

गेल्या आठवड्यात टाकीच्या जिन्यावर जरा दम लागला. डावा खांदा आखडला होता. आईने डोकं खाल्लं म्हणून डॉक्टरकडे जाऊन आलो. वात आहे म्हणाले. थंडीचे दिवस, व्हायचंच. तिलाही तेच सांगितलंय, तेव्हा तू फोन करून तिचे कान भरू नकोस.

टायपिंगचा फॉर्म भरलास का ते कळव.

बाबा

२८ डिसेंबर

ठमे,

फॉर्म भरलास, शाबास. नावाचं काम झालं, त्याहून शाबास. आता पुढचं सांगतो. हे पत्र टाकून देऊ नकोस, उपयोगी पडेल.

ऑफिसात लागलीस तर तुला बहुतेक प्रयोगशाळेच्या शेजारच्या खोलीत बसवतील. खिडकीजवळची खुर्ची मागू नकोस, तिथे क्लोरीनच्या खोलीचा वारा येतो, डोळे चुरचुरतात. भिंतीकडची घे. हेडक्लार्क तिरसट आहे पण मनाने बरा. त्याला ‘सर’ म्हटलेलं आवडतं, ‘काका’ म्हणालीस तर महिनाभर तोंड फुगवेल. साहेब सही करताना बोलत नाहीत, तेव्हा मध्ये बोलायचं नाही. डबा एकटीने खायचा नाही, पहिल्या दिवसापासून बायकांच्यात बसायचं, नाहीतर शिष्ट म्हणून नाव पडतं आणि ते निवृत्तीपर्यंत पुसलं जात नाही. पंपघरातली माणसं तुझ्याशी फार गोड वागतील. थोडे दिवस वागू दे. पुढे आपोआप नेहमीसारखी वागायला लागतील.

अर्जाचं महत्त्वाचं. अर्ज लगेच द्यायचा. त्या आठवड्यात घरात माणसं असतील, तुझं मन थाऱ्यावर नसेल, आई तर काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नसेल, पण तेव्हाच द्यायचा. तेव्हा साहेब स्वतः घरी येतात, त्यांचेही डोळे ओले असतात, कागद हातोहात पुढे जातात. महिना लोटला की तेच साहेब ‘बघू’ म्हणतात. भोंग्याच्या बायकोने पाचव्या दिवशी दिला, म्हणून तिचं झालं. लोक काय म्हणतील याचा विचार करायचा नाही. लोक पाणी भरायला येत नाहीत.

आणखी एक. तुझ्या कारखान्यातल्या त्या मुलाबद्दल आईला लिहिलंस, ते तिने मला सांगितलं. चांगला असेल. पण लग्नाचं एवढ्यात काढू नकोस. लग्न झालेल्या मुलीचं प्रकरण फायलीत अडकतं. नोकरी पक्की झाली की खुशाल कर, बँड लावून कर.

मी परवा टाकीवर जाऊन आलो. पातळीचा काटा अडकला होता. खरं तर माझ्या वयाच्या माणसाने चढायचं नाही असं साहेबांनी सांगितलंय, पण तरणी पोरं कामचुकार. खाली उतरलो तर भोंग्याची बायको जिन्याशी उभी. म्हणाली, ‘‘भाऊजी, रोज कशाला चढताय?’’ म्हटलं, हवा खायला. ती हसली नाही. म्हणाली, ‘‘तुम्ही माझ्याकडे असं बघता ना, जशी मला लॉटरी लागलीये.’’

मी हात धुवायला नळाकडे गेलो. बायकांना दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

बाबा

२० जानेवारी

तर तुला कळलं.

कुणी सांगितलं ते लिहिलं नाहीस, पण ऑफिसात माझ्या वैद्यकीय रजेचा अर्ज जिच्या टेबलावरून गेला आणि मी तो परत मागून घेतला, त्या भोंग्याच्या बायकोशिवाय दुसरं कोण असणार? तिची खैर नाही. कालपासून मी तिच्याशी बोलत नाही. तिलाही त्याचं काही पडलेलं दिसत नाही.

तुझं पत्र मी पंपघरात उभ्याने वाचलं. ‘बाबा, तुम्ही काय करताय ते मला स्पष्ट लिहा.’ बापाला हुकूम सोडतेस! बरं, ऐक तर मग. एकदाच सांगतो.

वात नाही. हृदयाच्या तीन नळ्या बंद होत आल्यात. तुला पहिलं पत्र टाकलं त्याआधीच फोटो काढून झाला होता, डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. मला लगेच समजलं, जन्मभर नळ्याच बघितल्यात. ऑपरेशन करा म्हणाले, ताबडतोब. मी म्हटलं, मार्चमध्ये करू. म्हणाले, मार्चपर्यंत मी हमी देत नाही. मी म्हटलं, हमी कोण मागतंय?

आता शांतपणे विचार कर. तुला शिकवलंय मी. ऑपरेशन करून बरा झालो तर काय? मार्चपासून घरात बसलेला एक म्हातारा. पेन्शन येईल, त्यात आईचं आणि माझं भागेल, तुला काही उरणार नाही. तू तिकडे रोजावर, आज आहे उद्या नाही. आणि नाही झालो बरा, फेब्रुवारीच्या आत काय व्हायचं ते झालं, तर? तर तू परमनंट. वयाच्या बाविसाव्या वर्षी! तुझ्याबरोबरच्या एका तरी मुलीला आहे का असली नोकरी? मी तुला लहानपणी सायकल घेऊ शकलो नाही, त्या महागड्या क्लासला घालू शकलो नाही. एवढं एक माझ्या हातात आहे.

आणि भलतंसलतं मनात आणू नकोस. मी स्वतःहून काहीही करणार नाही. मी तसला माणूस नाही. जे होतंय ते होऊ द्यायचं, मध्ये पडायचं नाही, बस. गोळ्या दिल्यात त्या आठवण झाली की घेतो. आठवण होत नाही, त्याला माझा काय इलाज?

आईला यातलं अवाक्षर कळता कामा नये. तिला हल्ली वाताऐवजी ॲसिडिटी सांगितलीय आणि ती रोज सकाळी मला थंड दूध देते. मी निमूट पितो.

रागावू नकोस. बाप पोरांसाठी जन्मभर थोडं थोडं मरतच असतो. मी फक्त ते वेळेत बसवतोय.

बाबा

९ फेब्रुवारी

ठमे,

‘तुम्ही गेलात तरी मी ती नोकरी घेणार नाही.’ वाचलं. दोनदा अधोरेखित केलंस, कागद फाटलाय तिथे.

बोलायला काय जातं? भोंग्याची बायकोही नाहीच म्हणत होती. कोपऱ्यात बसून मान हलवत होती, नाही, नाही, मला त्यांच्या जागेवर बसायचं नाही. मीच समजावलं तिला, माझ्या डोळ्यांदेखत तिने सही केली. रडणं वेगळं आणि महिन्याची एक तारीख वेगळी. तूही घेशील. मला त्याची काळजी नाही.

मला काळजी वेगळीच आहे. सांगू नये, पण तुला सगळं कळलंच आहे तर सांगतो. महिना सरत चाललाय आणि मी अजून हिंडतोफिरतोय. डॉक्टर घाबरवत होते ते सगळं फुसकं निघालं की काय कोण जाणे. सकाळी जाग येते, पंख्याची पाती दिसतात, आणि माझ्या मनात पहिलं येतं, अरेच्चा, आजही. दाढी करताना आरशात बघतो तर चेहरा कसा, चांगला टवटवीत. आई म्हणते, दुधाने गुण आला.

म्हणून हल्ली टाकीवर दोनदा जातो. काटा बघायला. साहेबांनी जिन्याला साखळी लावली, मी ती ओलांडतो. परवा मधल्या कठड्याशी आलो आणि छातीत असं काही दाबलं की हातातली बॅटरी खाली पडली. मी कठडा धरून उभा राहिलो. मला वाटलं, चला, पोरीचं झालं. डोळे मिटले. तुझी टायपिंग परीक्षा झालीय, नाव जुळलंय, फोटो आहेत, काही राहिलं का ते मनात चाचपून पाहिलं. काही राहिलं नव्हतं. मग हळूहळू कळ उतरली आणि मी आपला तसाच उभा. खाली आलो, बॅटरीची काच फुटली होती. स्टोअरमधून नवी घेतली.

खोटं कशाला बोलू, मला राग आला. एवढं ठरवून माणूस एक काम करायला घेतो आणि तेही धड होत नाही.

निरोप समारंभाची तयारी चाललीय. कोण भाषण करणार यावरून भांडणं. मला विचारलं, घड्याळ हवं की बॅग? मी म्हटलं, थांबा जरा, घाई कसली आहे?

आई हल्ली फार गप्प असते. काही विचारलं तर ‘काही नाही’ म्हणते. तिला काही लिहिलंस का तू? लिहिलं असशील तर वाईट केलंस.

तुझ्या इंटरव्ह्यूचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस. मीही विचारलं नव्हतं, हे लिहिताना लक्षात आलं.

बाबा

२६ फेब्रुवारी

ठमे,

अक्षर वेडंवाकडं येतंय, उजव्या हाताला सुई आहे. मी आडवा पडून लिहितोय आणि कागदाखाली आधाराला आईच्या पिशवीतलं मासिक आहे. इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर, खिडकीकडची खाट. आईने तुला फोन केलाय, तू निघालीस हेही कळलं. तू पोचशील तेव्हा मला आत नेलेलं असेल, म्हणून लिहून ठेवतोय. हे आईकडे देतो.

परवा साहेबांनी बोलावलं. मला वाटलं, निरोप समारंभाचं असेल. त्यांनी तुझा अर्ज माझ्यापुढे सरकवला. ‘माझे वडील नोकरीत असताना मरण पावल्यास त्यांच्या जागी मी आज अथवा पुढे केव्हाही नोकरी स्वीकारणार नाही, माझ्या वतीने कुणी अर्ज केल्यास तो रद्द समजावा.’ टाइप केलेला. एकही चूक नाही. माझ्याच पैशाने टायपिंग शिकलीस आणि पहिला कागद हा काढलास.

आणि त्याच्याखाली दुसरी सही. तुझ्या आईची. तीही घेणार नाही म्हणे. किती दिवस ती बाई सकाळी मला दूध देत होती, समोर बसून मी पितो की नाही ते बघत होती आणि चेहऱ्यावरची रेषा हलू दिली नाही! आज विचारलं, म्हणाली, ‘‘तुम्हाला सांगून तुम्ही ऐकलं असतंत?’’ मग म्हणाली, ‘‘दुधात गोळी विरघळते का ते डॉक्टरांना विचारून घेतलं होतं मी.’’ म्हणजे बघ. मी मरायला बसलो होतो आणि ही मला चमच्याने ढवळून जगवत होती.

साहेबांपुढे मी काय काय बोललो ते आठवत नाही. एवढं आठवतं की ते उठून उभे राहिले. मी तिथून निघालो तो तडक टाकीकडे. तुझा राग, आईचा राग, सगळ्यांचा. एवढं माझं मरण, तेवढं एकच माझ्याजवळ देण्यासारखं होतं, आणि तुम्ही दोघींनी ते साफ फुकट घालवलंत. साखळी ओलांडली आणि चढायला लागलो.

कठड्यापर्यंतही पोचलो नाही. आली कळ. तीच, मागच्यासारखीच, थोडी जास्त. आणि ठमे, मी घाबरलो.

आजवर घाबरलो नव्हतो. प्रत्येक वेळी दुखलं की मनात यायचं, झालं, पोरीचं झालं. त्या वेळी मनात काहीच आलं नाही. नुसतं दुखत होतं आणि खाली पंप चालू होते. हे संपलं तर कुणालाच काही मिळणार नाही, नुसता मी नसेन, हे माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा शिरलं. मी पायरीवर बसलो. कुणाला तरी हाक मारायला गेलो तर आवाज फुटेना.

भोंग्याच्या बायकोने बघितलं. मला साहेबांच्या खोलीतून निघताना बघून ती मागोमाग आली होती. तिने माझा हात धरला आणि अशी ओरडली की पंपघरातून सगळे धावत बाहेर आले. गाडी येईपर्यंत तिने हात सोडला नाही. मी तिला म्हटलं, वहिनी, मला न्या, लवकर न्या. ती म्हणाली, ‘‘आमच्या ह्यांच्या वेळी मी दार ठोठावत राहिले, भाऊजी. कडी आतून होती.’’ बाईच्या टेबलावरची काच मी सगळ्यांना कौतुकाने दाखवत फिरायचो. मला स्वतःची लाज वाटली.

डॉक्टर तेच, मागचे. त्यांनी फोटो परत काढला आणि मागच्या फोटोशेजारी लावून बघितला. मग म्हणाले, ‘‘नोव्हेंबरात ऑपरेशन करू दिलं असतंत तर मी छातीठोक सांगितलं असतं. आता प्रयत्न करू.’’ मी विचारलं, म्हणजे कितपत? ते म्हणाले, प्रयत्न करू. मी लोकांना पाणी कधी येईल ते सांगताना असंच बोलायचो, तेव्हा मला त्या शब्दाचा अर्थ माहीत आहे.

उद्या सकाळी ऑपरेशन. उद्या सत्तावीस. म्हणजे टेबलावर काही झालं तर मी नोकरीतच असेन, ते ध्यानात आलं का तुझ्या? इतके महिने ज्याची वाट बघितली ते अगदी दारात येऊन उभं राहिलंय. भीक नको पण कुणीतरी त्याला हाकला, असं झालंय.

तुला कोर्सला प्रवेश मिळाल्याचं आईने सांगितलं. यादीत तिसरी होतीस म्हणे. तू मला लिहिलं नाहीस, बरोबर केलंस, मी तेव्हा माणसात नव्हतो. शेजारच्या खाटेवर एकजण आहे, साखरेमुळे त्याचा पाय गुडघ्याखाली काढलाय. मघाशी त्याला म्हटलं, काळजी करू नका, माझी मुलगी पायच बनवते. तो म्हणाला, पुन्हा चालता येईल का हो? मला काही माहीतच नाही तुझ्या कामातलं. आलीस की त्याला सांग. मीही ऐकेन.

तुला जन्मभर सल्ले दिले. आता एकही सुचत नाही. तीन वर्षांचं कसं भागवशील तेही मला माहीत नाही. भागव काहीतरी. मी असलो तर बघू दोघं मिळून, नसलो तर आईला विचार, ती माझ्यापेक्षा हुशार निघाली.

नर्स कागद घेऊन आली होती. नाव, वय, व्यवसाय. मी सांगितलं, खात्यात नोकरी. ती म्हणाली, अजून नोकरीत आहात? मी म्हटलं, हो, परवापर्यंत. ती लिहून घेऊन गेली आणि मी त्या ‘परवा’कडे कितीतरी वेळ बघत राहिलो. परवा मांडवात बसायचंय मला. कंटाळवाणी भाषणं ऐकायचीयत. ते भिकार घड्याळ घ्यायचंय. संध्याकाळी आईबरोबर घरी चालत यायचंय आणि दुसऱ्या दिवशी उठून कुठेच जायचं नाहीये.

लवकर ये. पोरी, मला रिटायर व्हायचंय.

बाबा